हात लावायचा नाही

“ताई, हात मागे! हात लावायचा नाही म्हटलं ना मी?”

थेरपीवाल्या बाईंचा आवाज तसा मोठा नव्हता, पण ताईला वाटलं, भर वर्गात कुणीतरी आपल्याला बाकावर उभं केलंय! तिची बोटं बाळूच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचली होती, ती तिथेच थबकली... मग ओशाळून मागे आली आणि मांडीवर जाऊन पडली. जिने तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून शंभर शंभर पोरींना नुसत्या नजरेने गप्प बसवलं, त्या चोपन्न वर्षांच्या बाईला एक पंचविशीतली पोरगी सांगत होती, की स्वतःच्या भावाच्या अंगाला हात लावू नका!

आता हा बाळू म्हणजे कुणी कुक्कुलं बाळ नव्हे हं! शेचाळीस वर्षांचा, मिशा पिकलेला, खालच्या मजल्यावरच्या शिलाईच्या दुकानाचा मालक. अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. त्याने कापलेला कोट अंगावर चढला, की पोट सुटलेला माणूससुद्धा रुबाबात चालायला लागायचा. पण सात महिन्यांपूर्वी एका सकाळी, कुणाच्या तरी खांद्याचं माप घेता घेता, मास्तरांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली आणि ते हातातल्या टेपसकट खाली कोसळले. हळूहळू पाय सावरला, वाचा सावरली... मागे राहिला तो उजवा हात. नेमका कात्रीचा हात! दुकानाचं शटर तेव्हापासून खाली होतं.

आणि ताई? ती बातमी कळली त्याच दिवशी धावत आली. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि बाळू सहा वर्षांचा. त्याला घास भरवण्यात, त्याचा अभ्यास घेण्यात, पुढे त्याचं लग्न लावून देण्यात तिचं स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं, आणि त्याबद्दल तिने कधी ब्रसुद्धा काढला नाही. या वेळीही तिने राजीनामा लिहिला, वसतिगृहातली खोली सोडली आणि एक पिशवी घेऊन भावाच्या दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून त्याचं तोंड धुण्यापासून पायात मोजे चढवण्यापर्यंत सगळं तीच करत होती. बाळूने काही मागायच्या आत ते त्याच्यासमोर हजर असायचं!

“चला मास्तर,” थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, “पाच बटणं. उजव्या हाताने लावायची, डाव्याने नुसतं कापड धरायचं. घाई अजिबात नाही.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेन्सिल कागदावर टेकवली.

बाळूने ताईकडे पाहिलं. मांडीवरचा हात जरासा हलला, दोन बोटं उचलल्यासारखी झाली... आणि पुन्हा निपचित पडली.

“नाही जमत,” तो म्हणाला.

ताईला ते बघवेना! कशासाठी हा छळ? दिसत नाही का या बाईला, हात मेलाय त्याचा?

बाई मात्र कपाळाला आठी घालून विचारात पडल्या होत्या. त्यांनी बाळूकडे पाहिलं, मग ताईकडे, मग पुन्हा बाळूकडे. “ताई, मला जरा पाणी आणता? पण सावकाश आणा हं, मला काही घाई नाही,” त्या म्हणाल्या.

ताई स्वयंपाकघरात गेली. पाण्याने भरलेला पेला घेऊन ती परत आली, आणि पडद्याच्या फटीतून जे तिला दिसलं, त्याने तिचे पाय दारातच खिळले.

बाळू बटणं लावत होता! जीभ दातांत धरून, कपाळावर घाम आणून, त्याच उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने तो बटण काजात ढकलत होता. बटण निसटलं, त्याने पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं... आणि गेलं आत! एक झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला बोटं थरथरली, पण तेही बसलं. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हात जिवंत आहे! माझ्या बाळूचा हात जिवंत आहे! आनंदाच्या भरात ती पडदा सारून आत आली, आणि पेल्याचा आवाज होताच बाळूने तो हात झटक्यात मांडीवर टाकला. चोरून खाताना सापडलेल्या मुलासारखा तो खाली मान घालून बसला.

ताई गोंधळली. हे काय झालं? मला बघून हात का पडला?

“पाणी टेबलावर ठेवा आणि बसा, ताई,” बाई म्हणाल्या. “तुम्हीही या हो,” त्यांनी खिडकीजवळ उभ्या असलेल्या भावजयीला हाक मारली.

भावजय औषधांच्या दुकानात काउंटरवर कामाला होती. आज बाई घरी येणार म्हणून तिने सुट्टी काढली होती. रोज सकाळी बाळूला उपचारकेंद्रात तीच नेई, अकराला घरी आणून सोडी आणि कामावर जाई. बोलायला अगदी मोजकी. सात महिने दोघी एका घरात होत्या, पण “मीठ संपलंय”, “आणते हं वन्सं”, यापलीकडे त्यांची गाडी कधी गेली नव्हती. आपण इथे आलेलं हिला आवडलेलं नाही, असं ताईने पहिल्याच आठवड्यात मनाशी ठरवून टाकलं होतं.

बाईंनी तीन कागद टेबलावर पसरले. त्यांची ती पद्धतच होती. घरात जितकी मोठी माणसं, तितके कागद. प्रत्येक कागदावर रोजच्या वीस कामांची तीच यादी असायची... कप उचलणं, किल्लीने कुलूप उघडणं, नळ बंद करणं, टॉवेलची घडी घालणं, बटण लावणं. दुखऱ्या हाताने यातलं किती केलं, याचे शून्य ते पाच आकडे टाकायचे. काहीच केलं नाही तर शून्य, पूर्वीसारखं केलं तर पाच. आठवडाभर बघायचं, भरायचं, आणि एकमेकांना दाखवायचं नाही. “एकमेकांचं बघून लिहिलंत, तर सगळ्यांची उत्तरं जुळतील आणि मला मात्र काही कळायचं नाही,” असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

ताईने आपला कागद मन लावून भरला होता. वळणदार अक्षरात एकाखाली एक वीस शून्यं! प्रत्येक शून्याला तिने डोळे पुसले होते.

शेजारी भावजयीचा कागद होता. त्यावर तीन, चार, चार, दोन, चार... शून्य औषधालासुद्धा नव्हतं. आणि तिसरा, बाळूचा कागद, कोरा करकरीत होता.

“मला एक सांगा,” बाई म्हणाल्या, “हा हात एकच आहे ना? की तुम्ही घरात दोन मास्तर ठेवलेत?”

कुणीही हसलं नाही.

“हे... हे तू भरलंस?” ताईने भावजयीचा कागद उचलला. “कप उचलणं, तीन? कुलूप उघडणं, चार? कधी उचलला गं यानं कप? मी दिवसभर घरात असते, माझ्या डोळ्यांना कसा दिसला नाही?”

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “संध्याकाळी, वन्सं. मी कामावरून येते आणि तुम्ही भाजी आणायला जाता ना... तेव्हा.”

“रोज?”

“रोज. खाली दुकानात जाऊन कात्रीसुद्धा धरतात.”

ताईच्या पायाखालची जमीन सरकली! रोज संध्याकाळी, ती पाठमोरी झाली रे झाली, की या घरात असा खेळ चालत होता? आणि ती परत आली, की हाच हात मेल्यासारखा पडायचा, आणि ती वेडी हाच हात उचलून, पुसून, बाहीत घालून द्यायची! तिला आठवलं, कालच रात्री जेवताना तिने त्याचं तोंड पुसलं होतं. मनात हसत होती का ही दोघं तेव्हा? पण हसत असतील तर बाळूच्या डोळ्यांत पाणी का होतं? तिला काही उमगेना... काही म्हणजे काहीच उमगेना.

“कुणाचं चुकलं, हे शोधायला मी आलेली नाही,” बाई आता गंभीर झाल्या. “पण एक आकडा तुम्हाला सांगायलाच हवा. केंद्रात मी मास्तरांकडून पंधरा कामं करून घेते. तीन महिन्यांपूर्वी त्यांना बारा जमत होती. परवा नऊच जमली. हात उतरायला लागलाय, ताई. दिवसातून एक तास जागा आणि बाकीचा वेळ झोपलेला, असा हात टिकत नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा तपासेन. आकडा आणखी खाली आला, तर कात्रीची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.”

त्यांनी कागद गोळा केले, चपला घातल्या आणि त्या जिना उतरून गेल्या. पाण्याचा पेला टेबलावर तसाच भरलेला राहिला.

ताई उठली आणि आतल्या खोलीत गेली. कॉटखालची पिशवी तिने ओढून काढली आणि दोरीवरचे दोन ब्लाऊज, उशाशी ठेवलेला चष्मा, औषधाची बाटली असं हाताला लागेल ते ती त्यात कोंबू लागली. संताप होता? होता की! पण नुसता संताप असता तर बरं झालं असतं. त्या संतापाच्या खाली एक भयंकर विचार तिचं अंतःकरण पोखरत होता... बारावरून नऊ! मी असते तेव्हा हात पडतो, मी नसते तेव्हा उठतो. म्हणजे माझं असणंच त्याला बाधतंय! ज्याला मी सेवा म्हणत होते, तेच त्याचं दुखणं झालं! मग गेलेलंच बरं. आजवर त्याच्यासाठी सगळं सोडलं, आता त्यालाच सोडायचं, एवढंच ना?

पण जायचं कुठे? वसतिगृहातल्या तिच्या खोलीत नवीन रेक्टर राहत होत्या. दुसरं दार तिला ठाऊकच नव्हतं. आधी या दाराबाहेर पडू, पुढचं पुढे बघू, असं म्हणत तिने चेन ओढली आणि पिशवी उचलली.

“ताई, कुठे निघालीस?” बाळू धडपडत उठून दारात आला.

“जिथे मला कुणी फसवणार नाही तिथे!” ती ओरडली, आणि लगेच तिचा आवाज चिरला. “नाही रे... तुझा हात बरा व्हायचाय म्हणून निघाले. बाजूला हो.”

“ताई, नको!”

“बाजूला हो म्हणते ना!”

ती त्याच्या बाजूने निघून जिन्याकडच्या दारापर्यंत पोचली, आणि त्याच क्षणी मागून आलेल्या बाळूने पिशवीचा पट्टा पकडला. उजव्या हाताने! ताईने हिसडा मारला, पट्टा सुटेना. दुसरा हिसडा मारला, तरी सुटेना.

“सोड, बाळू!”

“सोडतो...” तो कासावीस झाला. “ताई, सोडायचंय गं मला, पण सुटत नाहीये! बोटं उघडतच नाहीत!”

ताईला वाटलं, हेही ढोंगच. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा राग गळून पडला. तो स्वतःच्या मुठीकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

भावजय धावत आली. “ओढू नका, वन्सं! ओढलं की मूठ आणखी आवळते. यांना पकडता येतं, पण सोडणं फार अवघड जातं, बाई म्हणतात. आपण उघडायलाही जायचं नाही. दंड सैल ठेवून शांत बसलं, की बोटं आपोआप सुटतात.”

“किती वेळ?”

“कधी दोन मिनिटं, कधी वीस. मन अस्वस्थ असलं की जास्तच लागतात.”

आता काय करणार? निघालेली ताई उंबऱ्यातच खाली बसली, शेजारी बाळू बसला, आणि दोघांच्या मध्ये ती पिशवी. पलीकडे भावजयही टेकली. जिन्यावरून वर येणाऱ्या शेजारणीने या तिघांना दारात असं बसलेलं पाहिलं, काही विचारावं की विचारू नये या घोटाळ्यात क्षणभर उभी राहिली, आणि मग नुसतंच “बरंय ना?” म्हणून वर निघून गेली.

ताईच्या हातांना चैन पडेना. समोर तिच्या बाळूची मूठ आवळलेली, नखं पांढरी पडलेली, आणि आपण एकेक बोट हलक्या हाताने उकलावं, म्हणून तिचा जीव नुसता तळमळत होता. तिने दोन्ही हात घट्ट काखेत धरून ठेवले. तीस वर्षांत असं अवघड काम तिने केलं नव्हतं.

“का लपवलंस?” शेवटी तिने विचारलं.

 बाळू मुठीकडे बघत म्हणाला, “तूच म्हणाली होतीस.”

“मी? काय म्हणाले होते मी?”

“पहिल्या महिन्यात. मला भरवत होतीस. म्हणालीस, ‘एकदा तुझा हात आला, की मी मोकळी. मग माझं इथे काय काम?’”

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. असं म्हणाले मी? तिला आठवेना. म्हणाली असेलही! धीर द्यायला माणूस दिवसभर काय काय बोलत असतं...

“मी पडल्या पडल्या विचार केला,” बाळू म्हणाला, “नोकरी सोडलीस, खोली गेली. हात आला की तू जाशील, तुझा स्वभाव काय मला माहीत नाही? फुकटचं कुणाकडे राहणार नाहीस तू. मग कुठे जाशील गं? कुठल्या तरी परक्या खोलीत एकटी... माझ्यासाठी आयुष्य काढलंस, आणि शेवटी मी तुला रस्त्यावर आणू? म्हटलं, त्यापेक्षा हात थोडा उशिराच येऊ दे. तू समोर असलीस की तो उचलायचा नाही, एवढंच. पण लपवता लपवता तो खरंच लपायला लागला, ताई... आता मी बोलावलं तरी येत नाही!”

आणि मिशा पिकलेला तो मास्तर हुंदके देऊन रडू लागला.

“अरे वेड्या... अरे मूर्खा!”  त्याला जवळ घ्यावं म्हणून ताईचा हात पुढे झाला आणि हवेतच थांबला. “मला विचारायचंस तरी!”

“विचारलं असतं तर तू राहिली असतीस?”

 खरं उत्तर ताईला ठाऊक होतं. तिने पदराने डोळे टिपले आणि आजवर स्वतःलाही न सांगितलेली गोष्ट ती बोलून गेली.

“मीही काही कमी नाही रे. तू हात उचलायचा विचार करायच्या आत माझा हात पुढे जायचा. दोनदा मला दिसलं होतं तुझं बोट हललेलं... दिसलं होतं, बाळू! आणि तरी मी बटण लावून मोकळी झाले. सकाळी तुझा शर्ट हातात घेतला की मला वाटायचं, चला, आजचा दिवस आपल्या वाट्याला आला. ते सगळं तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, आता मलाच कळत नाही.”

“काही काम नसलं तरी राहा ना गं,” बाळू म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे नुसती राहा.”

“नुसती?” ताईने तो शब्द असा उच्चारला, जसा कुणी परभाषेतला शब्द पहिल्यांदा उच्चारतं. नुसती कशी राहतात? चौदाव्या वर्षापासून ती कुठेच नुसती राहिली नव्हती. सकाळी उठायचं आणि करायचं काय? बाळू बटणाशी झटापट करत असताना बघायचं कुठे? आणि हे दोन धडधाकट हात, यांना ठेवायचं कुठे?

“मला नाही रे जमायचं,” ती कळवळून म्हणाली.

“मलाही कुठे जमतंय?” बाळू रडता रडता हसला. “दोघं मिळून शिकू.”

तेवढ्यात भावजय हळूच म्हणाली, “वन्सं, बघा.”

करंगळी सैल झाली होती. मग तिच्या शेजारचं बोट सुटलं. मधलं बोट बराच वेळ अडून बसलं. ताई श्वास रोखून बघत होती, पण पुन्हा काखेत धरलेले हात तिने बाहेर काढले नाहीत. अखेर अंगठाही बाजूला झाला, आणि पट्टा आपसूक खाली पडला. भावजयीने पिशवी उचलली आणि कुणाला काही न विचारता ती आतल्या खोलीत गेली. दोघं तिच्या मागोमाग गेली.

भावजयीने कपाट उघडलं. वरून दुसरा कप्पा संपूर्ण रिकामा होता. तळाला स्वच्छ कागद घातलेला, कागदाच्या कडा नीट दुमडलेल्या... आणि तो कागद उन्हाने नव्हे, नुसत्या दिवसांनी पिवळट झालेला होता.

“हा कुणाचा?” ताईने विचारलं.

“तुमचा. तुम्ही आलात त्याच आठवड्यात रिकामा केला होता.”

“मग सांगितलं का नाहीस गं? सात महिने मी पिशवीतून कपडे काढतेय आणि पिशवीत घालतेय! मला वाटलं...” 

“मला वाटलं, तुम्ही म्हणाल, ‘मी काय कायमची आलेय?’” भावजयीच्या डोळ्यांतून टपकन थेंब पडला. “म्हणून धीरच झाला नाही. दर महिन्याला नुसती धूळ पुसत राहिले.”

ताईने तिला पोटाशी धरलं. किती वेळ धरलं कुणास ठाऊक! या बाईबद्दल आपण सात महिने मनात काय काय साठवलं, ते आठवून तिला लाज वाटली.

इकडे बाळूने कॉटवर पिशवी उघडली होती. पहिल्यांदा त्याने एक साडी काढली, उजव्या हाताने तिची घडी घालायला गेला आणि तिचं बोचकं झालं. ते त्याने तसंच कप्प्यात ठेवलं. मग दुसरी साडी. मग चादर. एकेका कपड्याला चार चार मिनिटं जात होती. कापडाशी ज्याचं उभं आयुष्य गेलं, त्याच्या हाताला आज साधी चौकोनी घडी साधत नव्हती, आणि घामाने त्याची पाठ भिजली होती. ताई कॉटच्या टोकाला बसून बघत होती. दोनदा ती उठली. दोनदा भावजयीने तिच्याकडे पाहिलं, आणि ती पुन्हा खाली बसली.

शेवटी लोकरीचा स्वेटर राहिला. बाळूने तो उलटासुलटा करून कसाबसा आत कोंबला आणि कपाटाचं दार लावलं. स्वेटरची एक बाही बाहेरच राहिली होती, दाराच्या फटीतून खाली लोंबत.

“बाही राहिली गं बाहेर,” तो दमून म्हणाला. “थांब, पुन्हा उघडतो.”

“राहू दे,” ताई म्हणाली. “मी कुठे चाललेय?”